"आई, यात बेरीज करू का वजाबाकी?" : शाब्दिक उदाहरणं आणि चौकटीचं समीकरण

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी तिसरीत आहे, हातच्याची वजाबाकी उभी मांडून दिली की न चुकता करते, पण तेच गणित शब्दांत आलं की वही घेऊन तुमच्याकडे येते आणि विचारते, बेरीज करू का वजाबाकी. आणि तुम्ही तिच्याकडून यादी पाठ करून घेतलीय, "उरले, कमी, फरक, दिले" दिसलं की वजाबाकी आणि "एकूण, मिळून, जास्त, अजून" दिसलं की बेरीज, तरी निम्मी गणितं चुकतातच. मी बरीच वर्षं प्राथमिकला गणित शिकवतेय आणि हा प्रश्न दरवर्षी पालकसभेत कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, काळजी करण्यासारखं काही नाहीये. असर या शाळकरी मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत २०२४ मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या साधारण एक तृतीयांश मुलांनाच हातच्याची वजाबाकी जमली होती, तीही शब्दांत नाही, नुसते आकडे मांडून दिलेली. तुमची मुलगी ती पायरी चढून गेलीय. तिला क्रिया येते, अडतंय ते क्रियेच्या आधीचं काम, म्हणजे गोष्ट वाचून ती गणिताच्या भाषेत लिहिणं.

आता ती यादी. ती आजपासून बंद करा, अगदी स्पष्ट सांगते. यादीने सुरुवातीची सोपी गणितं पटापट सुटतात म्हणून ती बरोबर वाटते, पण हे बघा:

"बसमधून स्वारगेटला ८ जण उतरले. आता बसमध्ये २७ प्रवासी उरले. तर स्वारगेट यायच्या आधी बसमध्ये किती प्रवासी होते?" यात "उतरले" आहे, "उरले" आहे, यादीप्रमाणे वजाबाकी, मूल २७ − ८ करून १९ लिहितं. उत्तर आहे ३५.

"रियाकडे ३४ रुपये आहेत, तिला ५० रुपयांची वही घ्यायचीय, तिला अजून किती रुपये लागतील?" "अजून" आलं, बेरीज, ८४. पन्नासच्या वहीसाठी अजून ८४ रुपये! तरी मुलं लिहून मोकळी होतात.

"दोन वर्गांत मिळून ७५ मुलं आहेत, एका वर्गात ३८ आहेत, तर दुसऱ्या वर्गात किती?" "मिळून" आहे, ११३ लिहितात.

यात मुलांचा काही दोष नाही, आपणच त्यांना गोष्ट न वाचता शब्द शोधायला शिकवलंय. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या शिक्षकांनी १९८० च्या सुमारास सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना एक गणित दिलं होतं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवर काहीतरी क्रिया करून उत्तर काढलं. म्हणजे हे आपल्याकडेच होतं असं नाही, शाळेतलं गणित म्हणजे आकडे उचलायचे आणि काहीतरी करायचं हे मुलांच्या मनात फार लवकर बसतं, आणि शब्दांची यादी त्याला अजून खतपाणी घालते.

मग करायचं काय? एकच गोष्ट करायची, "बेरीज का वजाबाकी" हा प्रश्न सुरुवातीला विचारायचाच नाही. गोष्ट जशी घडली, ज्या क्रमाने घडली, तशीच्या तशी आकड्यांत लिहायची आणि जे माहीत नाही तिथे चौकट काढायची. बस्स. कुठली क्रिया करायची ते त्याच्यानंतर ठरवायचं. ही चौकट तिच्या ओळखीची आहे, पहिलीपासून "चौकटीत योग्य संख्या लिहा" हे त्यांच्या पुस्तकात असतंच, फक्त ती शाब्दिक उदाहरणात कोणी वापरत नाही.

वर्गात मी बसचं गणित घेते तेव्हा बोलणं साधारण असं होतं. गोष्ट सुरू झाली तेव्हा बसमध्ये किती माणसं होती, माहितीय का? "नाही." मग काय काढायचं? "चौकट." बरं, मग काय झालं? "आठ उतरले." उतरले म्हणजे बसमधली माणसं वाढली का कमी झाली? "कमी." मग वजा आठ लिही. आणि शेवटी? "सत्तावीस उरले." आता वहीवर हे दिसतं:

▢ − ८ = २७

इथे मी थांबते आणि उत्तर काढू देत नाही. आधी विचारते, चौकटीतली संख्या २७ पेक्षा मोठी असणार का लहान? दोनचार मुलं लगेच ओरडतात "लहान", कारण वजाचं चिन्ह दिसतंय. मग म्हणते, अरे आठ जण उतरून गेल्यावर सत्तावीस आहेत, मग उतरायच्या आधी बसमध्ये जास्त गर्दी होती का कमी? तेव्हा वर्गात "अच्छाऽऽ" असा आवाज येतो. मग त्या आठ जणांना परत बसमध्ये चढवायचं, २७ + ८ = ३५. शेवटी ३५ चौकटीत घालून बघायचं, ३५ − ८ = २७, ताळा जुळला.

यात महत्त्वाचं काय झालं बघा, गोष्ट वजाबाकीची आहे पण उत्तर काढायला बेरीज लागली. गोष्टीचं समीकरण वेगळं आणि उत्तर काढायची क्रिया वेगळी. हे एकदा पोराच्या डोक्यात बसलं की "बेरीज करू का वजाबाकी" हा प्रश्न आपोआप थांबतो, कारण त्याला कळतं की आधी गोष्ट लिहायचीय, क्रिया मागाहून. उलट जाऊन आधीची संख्या शोधायची ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे, भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) ती व्यस्तविधी म्हणून दिलीय, शेवटच्या संख्येपासून मागे यायचं आणि जिथे वजा केलं तिथे मिळवायचं, जिथे मिळवलं तिथे वजा करायचं. तिसरीच्या मुलीला हे नाव सांगायची गरज नाही पण तुम्हाला माहीत असू दे.

आता चौकट कुठे येते यावर सगळा खेळ आहे. एकच गोष्ट घ्या, पाच डझनाची आंब्याची पेटी, ६० आंबे, १८ शेजारी दिले, ४२ उरले. याच्यातून तीन गणितं होतात.

६० − १८ = ▢ , दिल्यावर किती उरले?
६० − ▢ = ४२ , किती दिले?
▢ − १८ = ४२ , आधी किती होते?

पहिलं सगळ्यांना येतं. दुसऱ्यात थोडी मुलं अडकतात, तिसऱ्यात बरीच. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात थॉमस कार्पेंटर आणि एलिझाबेथ फेनेमा यांनी १९८० च्या दशकात लहान मुलं अशी गणितं कशी सोडवतात याचा खूप बारकाईने अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं, सुरुवातीची संख्या माहीत नसली की मुलांना सगळ्यात जड जातं. कारणही साधं आहे, लहान मूल गोष्ट मणी किंवा बोटं घेऊन करून बघतं, आणि सुरुवातच माहीत नसेल तर हातात किती मणी घ्यायचे हेच कळत नाही. आणि आपल्या वर्कबुकांत बघाल तर पानंच्या पानं पहिल्याच प्रकाराची असतात, म्हणजे ज्याचा सराव सगळ्यात कमी लागतो त्याचाच सगळ्यात जास्त होतो. त्यामुळे घरी गणितं तुम्ही स्वतः करून द्या, रोज एक गोष्ट आणि तिच्या तीन चौकटी. पंधरा मिनिटं पुरतात.

समीकरण लिहिलं, आता सोडवायचं कसं? मोठ्या माणसांच्या तोंडात पटकन येतं "बाजू बदलली की चिन्ह बदलतं". तिसरी-चौथीत हे कृपा करून सांगू नका. एक तर ती समीकरणाची रीत पुढे सहावीत येते तेव्हा नीट कारणासकट शिकवली जाईलच, आणि दुसरं म्हणजे ६० − ▢ = ४२ मध्ये ती लावायला गेलात तर चौकटीच्या मागे वजाचं चिन्ह लटकत राहतं, ६० पलीकडे नेला की ४२ − ६० होतं, आणि त्या पोराला ऋण संख्या अजून माहीतच नाहीत. त्यापेक्षा त्या तीन संख्यांचं एकमेकांशी नातं काय ते दाखवा. वजाबाकीच्या वाक्यात अगदी पहिली असते ती पूर्ण संख्या, बाकीच्या दोन म्हणजे तिचे दोन तुकडे. ६० ची एक लांब पट्टी काढा, तिच्याखाली तेवढ्याच लांबीत १८ आणि ४२ चे दोन तुकडे काढा. ज्याच्या जागी चौकट आहे तो भाग झाका. पूर्ण पट्टी झाकली असेल तर दोन तुकडे जोडायचे, एखादा तुकडा झाकला असेल तर पूर्ण पट्टीतून दुसरा तुकडा काढायचा. हे मुलांना डोळ्यांनी दिसतं, पाठ करावं लागत नाही. सिंगापूरच्या शाळांमध्ये १९८० च्या दशकापासून अशा पट्ट्या काढूनच शाब्दिक उदाहरणं शिकवतात, पुढे अपूर्णांक आणि शेकडेवारीपर्यंत त्याच पट्ट्या चालतात, त्यामुळे ही सवय वाया जाणार नाही.

बरोबरच्या चिन्हाचं एक बघून घ्या. तिला ८ + ४ = ▢ + ५ असं द्या आणि काय लिहिते बघा. बहुतेक मुलं १२ लिहितात, काही १७ लिहितात, ७ लिहिणारी कमी. कारण त्यांच्यासाठी "=" म्हणजे "आता उत्तर लिहा". समीकरण वापरायचं तर या चिन्हाचा अर्थ दोन्ही बाजू सारख्या हा आहे हे कळायलाच हवं, नाहीतर ४२ = ६० − ▢ असं उलटं लिहून दिलं तरी पोरं गोंधळतात. हे चिन्ह इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये पहिल्यांदा छापलं आणि कारण असं दिलं की सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांहून जास्त सारखं दुसरं काही असू शकत नाही. मुलांना ही गोष्ट फार आवडते. मी फळ्यावर दोन रेघा काढून दाखवते.

याच्यामुळेच अजून एक चूक वहीत दिसते. "१०० रुपये होते, ३५ ची पेन्सिलपेटी घेतली, २० ची रंगपेटी घेतली, किती उरले" यात मुलं लिहितात १०० − ३५ = ६५ − २० = ४५. उत्तर बरोबर आलं म्हणून आपण सोडून देतो, पण १०० − ३५ म्हणजे ४५ नाही ना. एक तर दोन ओळी करायला सांगा किंवा सरळ १०० − ३५ − २० = ▢ लिहायला सांगा.

आता तुलनेची गणितं. ही वेगळीच जात आहे, कारण यात काही घडतच नाही, कोणी उतरत नाही, कोणी काही देत नाही, दोन गोष्टी शेजारीशेजारी असतात आणि त्यातला फरक विचारलेला असतो. इथे "गोष्ट घडली तशी लिही" हे चालत नाही म्हणून इथे मी पहिला प्रश्न बदलते, कोणाकडे जास्त आहे? आधी हे ठरवायचं, मग दोन पट्ट्या एकाखाली एक काढायच्या, लांब आणि आखूड, आणि लिहायचं लहान + फरक = मोठी. तिन्हीपैकी जे माहीत नाही तिथे चौकट.

खरे आकडे घेऊन करते. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर, कळसूबाई साल्हेरपेक्षा किती मीटरने उंच? मोठी कळसूबाई, म्हणून १५६७ + ▢ = १६४६. आता हे उभं मांडून हातचे घेत बसायचीसुद्धा गरज नाही. वाणी सुट्टे परत देताना जसा वर मोजत जातो तसं मोजायचं, १५६७ पासून १५७० पर्यंत ३, तिथून १६०० पर्यंत ३०, तिथून १६४६ पर्यंत ४६, झाले ७९. फरकाच्या गणितात हे बेरजेसारखं दिसणारं समीकरणच जास्त सोपं पडतं असा माझा तरी अनुभव आहे, विशेषतः ज्या मुलांचे हातच्यात गोंधळ होतात त्यांना.

आता याच माहितीचं अवघड रूप बघा. "कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. ती साल्हेरपेक्षा ७९ मीटरने जास्त उंच आहे. तर साल्हेरची उंची किती?" वाक्यात "जास्त" आहे पण करायची वजाबाकी. इथे भले भले चुकतात, लुईस आणि मेयर या संशोधकांनी १९८७ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अशी गणितं देऊन पाहिली होती आणि शब्द एका बाजूला ओढतोय, क्रिया दुसऱ्या बाजूला, अशा गणितांत त्यांच्याही चुका जास्त झाल्या. मग आठ वर्षांच्या पोरीने चुकलं तर रागवायचं कशाला. तिला वाक्य फिरवायला शिकवा, "कळसूबाई साल्हेरपेक्षा ७९ ने जास्त" म्हणजेच "साल्हेर कळसूबाईपेक्षा ७९ ने कमी". असं तोंडी फिरवता आलं की ▢ + ७९ = १६४६ लिहिणं अवघड नाही. जेवताना, चालताना हा खेळ करा, बाबा आईपेक्षा ३ वर्षांनी मोठे, मग आई बाबांपेक्षा? वही लागतच नाही.

सेमी इंग्लिशला असेल तर अजून एक अडचण येते, "हाऊ मेनी मोर" आणि "हाऊ मेनी फ्यूअर" यात मूल भाषेतच अडकतं आणि आपल्याला वाटतं गणित येत नाही. तेव्हा वाचून झालं की पुस्तक मिटायला सांगा आणि गोष्ट मराठीत सांगायला लावा, आकडे न सांगता. "एका मुलीकडे थोडे पैसे आहेत, तिला वही घ्यायचीय, पैसे कमी पडतायत, किती कमी पडतायत ते विचारलंय." हे सांगता आलं तर गोष्ट समजली. नाही सांगता आलं तर समीकरणाकडे जाऊच नका, परत वाचा. मराठी माध्यमाच्या मुलांनाही मी हेच करायला लावते, आकड्यांवर पट्टी ठेवून वाचायचं. आकडे दिसले की त्यांचं लक्ष तिकडेच जातं.

आणि तरीही अडली तर आकडे लहान करा. ६०, १८, ४२ च्या जागी ६, २, ४ टाका, गोष्ट तीच. लहान आकड्यांत तिला काय करायचं ते दिसतं, मग म्हणायचं, आता हेच मोठ्या आकड्यांत कर. मोठी मुलं शिष्यवृत्तीच्या तयारीला येतात तेव्हासुद्धा मी हीच युक्ती वापरायला लावते.

शाळेतल्या रीतीचं विचारलंत, बाई उभी मांडणी मागतात आणि आम्ही आडवं समीकरण शिकवलं तर गुण जातील का. नाही जाणार. आधी एक ओळ चौकटीचं समीकरण, त्याच्या खाली उभी मांडणी आणि शेवटी पूर्ण वाक्यात उत्तर, "स्वारगेटच्या आधी बसमध्ये ३५ प्रवासी होते". नुसतं ३५ लिहून सोडायचं नाही, वाक्य लिहिताना मूल आपोआप प्रश्नाकडे परत जातं आणि उत्तर पटण्यासारखं आहे का ते तिथेच कळतं. ८४ रुपयांची चूक बहुतेक वेळा या वाक्यातच सापडते.

उलटा सरावही करा. तुम्ही १५ − ▢ = ६ लिहा आणि तिला गोष्ट बनवायला सांगा. माझ्या वर्गात यावर मांजरीची पिल्लं, फुटलेले फुगे, आजीने लपवलेले लाडू काय काय येतं, आणि गोष्ट चुकली की लगेच लक्षात येतं की मुलाला चौकटीची जागा कळलेली नाहीये. एक मुलगा म्हणाला, "माझ्याकडे पंधरा गोट्या होत्या, सहा हरवल्या, किती राहिल्या?" उत्तर ९ च येतं, पण ही गोष्ट १५ − ६ = ▢ ची झाली. मी त्याला एवढंच विचारलं, सहा हरवल्या का सहा राहिल्या? त्याने स्वतःच सुधारलं. ताई, नुसतं उत्तर तपासलं असतं तर हे कधी दिसलंच नसतं, म्हणून घरी तपासताना उत्तराच्या आधी समीकरण बघा.

पहिला आठवडा तर उत्तर काढायलाच लावू नका, फक्त समीकरणं लिहून घ्या, मुलांनाही ते हलकं वाटतं. सुरुवातीला ही घ्या.

पातेल्यात दूध होतं, त्यातलं ३५० मिली चहाला वापरलं, ६५० मिली उरलं, आधी किती होतं? ( ▢ − ३५० = ६५० )

आजीने ४० लाडू केले, मुलांनी काही खाल्ले, डब्यात २३ राहिले, किती खाल्ले? ( ४० − ▢ = २३ )

रेल्वेने मुंबई ते पुणे १९२ किलोमीटर आहे, मुंबईहून निघालेली गाडी १२८ किलोमीटरवर लोणावळ्याला पोचली, पुणे अजून किती लांब? ( १२८ + ▢ = १९२ )

दादाचं वजन ४१ किलो आहे, ते ताईच्या वजनापेक्षा ६ किलोने कमी आहे, ताईचं वजन किती? ( ४१ + ६ = ▢ , "कमी" लिहिलंय तरी. आधी कोणाचं वजन जास्त ते विचारा.)

आणि अधूनमधून हे एक मुद्दाम मिसळून द्या: एका टोपलीत २६ पेरू आहेत, त्यातले काही पिकलेले आहेत, तर कच्चे किती? तिने चौकटी काढायला घेतल्या की दिसेल, २६ − ▢ = ▢, दोन चौकटी झाल्या. तेव्हा ती म्हणायला हवी, "आई, यात माहिती कमी आहे." असं म्हणाली तर त्या दिवशी पुढची गणितं नाही घेतलीत तरी चालेल.